वाढ धरलेले बूट

मला कोणी 'बिगिनर' म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातून म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या दुकानातल्या बोर्डावर बाइंडिंग उलटी लावून ठेवली असतील, तर बोलायलाच नको.

मुंबईत स्नोबोर्ड विकत मिळतो असं सांगितलं तर लोकांना थाप वाटते. पण मिळतो. अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या आणि दिव्यांच्या वायरी जोडणाऱ्या गाळ्यांच्या मधोमध, एक गृहस्थ डोंगरात लागणारं सामान बाहेरून मागवतात आणि फोन करून येणाऱ्यांना दाखवतात. नोव्हेंबर संपत आला होता, तरी जिना चढेपर्यंत माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या. आत एक पंखा, भिंतीला टेकवलेले सात-आठ बोर्ड आणि पन्नाशीतले ते दुकानदार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच फुटांना एक इंच कमी, त्रेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात डब्याची पिशवी.

"मॅडम, बिगिनर सेट दाखवू ना? सॉफ्ट बोर्ड आहे, गुलाबी फुलं आहेत त्याच्यावर. लेडीजना एकदम झकास."

"सोळा हिवाळे झाले मला," मी म्हणाले.

"कसले?"

"याचेच. आणि तुमच्या त्या समोरच्या बोर्डावरची बाइंडिंग उलटी लावलीत तुम्ही. डाव्या पायाचं उजवीकडे गेलंय. बकलं बाहेरच्या अंगाला पाहिजेत, ती आत समोरासमोर आलीत. गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगणार?"

त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला, बोर्डाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली. सहा महिने असाच उभा आहे तो. एक माणूस बोलला नाही." मग हसून त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढे केलं आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. माझा राग तिथेच संपला. चूक दाखवल्यावर हसणारा माणूस मला आवडतो. मी स्वतः तशी नाही.

ज्यांनी स्नोबोर्ड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती एक लांबट फळी असते. दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडायचे, एक खांदा पुढे करायचा आणि बर्फाच्या उतारावरून खाली यायचं. बुटाला फळीशी धरून ठेवतं ते बाइंडिंग. फळीच्या दोन्ही कडांना पोलादाची पट्टी असते. टाचांवर भार दिला की एक कड बर्फात रुतते आणि फळी एकीकडे वळते, चवड्यांवर भार दिला की दुसरी कड रुतते आणि फळी दुसरीकडे वळते. टाच, चवडा, टाच, चवडा. सगळा खेळ एवढाच आहे, आणि तो एवढाच आहे हे कळायला मला तीन हिवाळे लागले.

मुलुंडच्या एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर सह्याद्री पायाखाली घालून झाल्यावर सत्ताविसाव्या वर्षी मी गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला गेले होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या बाजूने एक मुलगी आडवी उभी राहून सपकन खाली गेली, आणि मी माझ्या स्की काढून ठेवल्या त्या ठेवल्याच. तेव्हापासून दर फेब्रुवारीत पंधरा दिवस. वर्षभर मी घाटकोपरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या मालाची कागदपत्रं तयार करते, तापातसुद्धा रजा घेत नाही, आणि त्या सगळ्या रजा एकदम फेब्रुवारीत खर्ची घालते. ऑफिसात मला 'काश्मीरवाली' म्हणतात. आई तर त्याला सरळ 'तुझी घसरगुंडी' म्हणते.

त्या दुपारी मी बोर्ड कसा निवडला ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मी सगळे बोर्ड एकेक करून जमिनीवर ठेवून बघितले. कुठला मधोमध कमानीसारखा उचललेला राहतो आणि कुठला मध्येच टेकतो ते पाहिलं. सकाळी उतार रात्रभर गोठून काचेसारखा कडक झालेला असतो, तिथे कमानीचा बोर्डच कड धरतो. मग सुतार रंधा मारलेली फळी बघतो तशी एक डोळा मिटून कडांवरून नजर फिरवली. एकाची कड शेपटीजवळ अगदी किंचित लाटेसारखी झाली होती, तो बाजूला ठेवला. गुडघ्याने दाबून लवचीकपणा बघितला. तळाला नख लावून बघितलं. पाऊण तासाने मी एकशे बेचाळीस सेंटिमीटरचा, काळा, एकही फूल नसलेला बोर्ड उचलला. दुकानदार म्हणाले, "मॅडम, हा तर एक्स्पर्टचा आहे." मी म्हणाले, "मग बरोबर आहे." हे वाक्य मी किती वर्षं मनात जपून ठेवलं होतं कोण जाणे. ते बोलायला मिळालं म्हणून मी त्या दिवशी दोन चहा प्याले.

पण मी हे सगळं नवं सामान हौसेखातर घेत नव्हते. मागच्या फेब्रुवारीत मी प्रशिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले होते.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या सहा मुलींना बोर्ड शिकायचा होता आणि त्यांना माझ्याकडूनच शिकायचा होता. ग्रुपचं म्हणणं असं की सर्टिफिकेट असलेल्या प्रशिक्षकाशिवाय आम्ही कोणाला पाठवणार नाही. म्हणून मी परीक्षेला बसले. परीक्षा घेणारा काश्मिरी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मितभाषी माणूस. मी खाली आल्यावर तो म्हणाला, "दीदी, टाच वाले टर्न बहुत अच्छे हैं। पंजे पे आने में देर हो जाती है। बोर्ड आपकी बात सुनता है, लेकिन थोड़ा ठहर के।" मी मान हलवली, खोलीवर आले आणि उशीत तोंड घालून रडले. कारण तो खरं बोलत होता. चवड्यांवर येताना मला नेहमीच एक क्षण उशीर होत होता. मी तो मांड्यांच्या जोरावर भरून काढायचे, खांदा फिरवून झाकायचे, पण झाकलेलं ज्याला कळतं त्याला कळतंच.

परीक्षेला पुढच्या वर्षी एकदाच पुन्हा बसता येणार होतं. त्यातही नापास झाले तर मी बोर्ड सोडणार, असं मी ठरवून टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त आईला. जुन्या बोर्डाची कड झिजून गोल झाली होती, बुटाचा तळ उखडला होता, त्यामुळे दोष सामानावर ढकलायला जागा होती. पण रात्रंदिवस मला एकच प्रश्न छळत होता. उशीर सामानात आहे, की माझ्यातच आहे? त्रेचाळिसाव्या वर्षी पाय मंद झाले असतील तर नवा बोर्ड त्याला काय करणार?

तर बोर्ड झाला, त्याच्यावर बसणारी बाइंडिंग झाली. शेवटी बूट. मी नंबर सांगितला, साडेचोवीस. माझे जुने बूट त्याच मापाचे होते. अकरा वर्षांपूर्वी गुलमर्ग सोडून निघालेल्या एका परदेशी माणसाकडून मी ते बोर्डासकट घेतले होते. त्याच्याआधी भाड्याचे घालायचे, तेही साडेचोवीसचेच.

दुकानदार म्हणाले, "साडेचोवीस आता नाहीये, दोन आठवड्यांत येईल. पण एकदा पाय मोजू या ना."

"गरज नाही. माझा नंबर मला माहीत आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम."

"मी सोळा वर्षं घालतेय हो बूट," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. त्यांनी वहीत साडेचोवीस लिहिलं.

नाहूरला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि आई. वडील कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यांची गिरणी बंद पडल्यावर आईने घाटकोपरच्या एका गाळ्यात रेनकोट शिवायला सुरुवात केली आणि बावीस वर्षं रेनकोटच शिवले. वडील जाऊन आता बारा वर्षं झाली. आई चौऱ्याहत्तरची आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, आणि बोलण्यातली मालवणी पन्नास वर्षं मुंबईत राहूनही तिने सोडलेली नाही.

त्या रविवारी मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात तिने माझे जुने बूट धुवायला काढले. कोणाला तरी द्यायचे तर घाण कशाला द्यायचे, हा तिचा नेम. बुटाच्या आतलं मऊ अस्तर तिने उपसून बाहेर काढलं, तळाला असते ती पातळ गादी वेगळी केली आणि खिडकीशी उजेडात धरली. मी केस पुसत बाहेर आले तर ती ती गादी हातात घेऊन तशीच उभी.

"गो, ह्यो बूट तुझोच मा?"

"माझाच. का?"

"मगे ह्या पुढच्या खोलीत कोण रवता?"

मी जाऊन बघितलं. अकरा वर्षांच्या घामाने गादीवर माझा पाय काळा उमटला होता. टाच, तळव्याची बाहेरची कड, चवडा आणि पाच बोटांचे पाच ठिपके. त्या ठिपक्यांच्या पुढे चांगली बोटभर गादी कोरी होती. तिथे कधी कोणी पाऊलच ठेवलं नव्हतं.

"ते तसंच असतं, आई. दोन मोजे घालावे लागतात."

"दोन मोजे कित्याक? थंडीसाठी काय बूट भरूसाठी?"

"अगं, तुला बर्फातलं काय कळतं? जन्मात फ्रिजच्या बाहेर बर्फ पाहिलं नाहीस."

"बर्फातला माका कळना नाय," ती शांतपणे म्हणाली. "मापातला कळता."

तिने खराट्यातला एक हीर ओढून काढला. कोकणातल्या लोकांना यातलं वेगळं काही सांगायला नको. गावाहून मुंबईला निघालेला माणूस पोरांच्या पायांचे हीर मोडून खिशात घालून न्यायचा, एकेकाच्या पायाएवढा एकेक, आणि त्या मापाने चपला आणायचा. मला तिने फरशीवर उभं केलं, टाचेशी हीर लावला आणि अंगठ्याशी मोडला. मग शिवणाच्या पेटीतली टेप काढून मोजला. साडेबावीस सेंटिमीटर. नंतर तिने टेप माझ्या चवड्याभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "लांबी नाय, पाय रुंद असा. बापाशीवर गेलंस. रुंदीत मावना नाय म्हणान लांब घेतलंस, तां चुकला."

इथे मला मान्य करायला हवं की बर्फातल्या बुटांचा नंबर म्हणजे दुसरंतिसरं काही नसून पायाची सेंटिमीटरमधली लांबी असते. साडेबावीसचा पाय, साडेबावीसचा बूट. हे मी स्वतः कितीतरी नवशिक्यांना सांगितलं आहे. बूट घट्ट हवा, बोटं पुढे टेकली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या समजुतीत माझे बूट घट्टच होते, कारण मी दोन लोकरी मोजे घालून नाड्या बोटं दुखेपर्यंत आवळत होते.

पण चूक कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. मी आईवर तडकले. म्हटलं, मला शिकवू नकोस, मी तुझ्या शिलाईत कधी तोंड घातलंय का? हीर खिडकीत ठेवून ती भाकऱ्या थापायला गेली.

दुपारी ती झोपल्यावर मी ते बूट पुन्हा जोडले, घातले, नाड्या आवळल्या आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहून चवड्यांवर भार दिला. बूट जागेवर होता. आत माझी टाच मात्र उचलली गेली, आणि तिने बुटाला ओढायला सुरुवात करेपर्यंत एक क्षण गेला. पुन्हा केलं. पुन्हा तो क्षण. काश्मिरी परीक्षकाने ज्याला 'ठहर के' म्हटलं होतं तो क्षण नाहूरच्या घरात, पंख्याखाली, मला स्पष्ट सापडला. मी दहा-बारा वेळा तेच करून बघितलं आणि मग पलंगावर बसले. माझा उशीर माझ्यात नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी झाली ती लाज. सोळा वर्षं मी जगाच्या पायांकडे बघत होते आणि स्वतःचा एकदाही मोजला नव्हता.

आई कधी उठून दारात आली कळलं नाही. मला बूट घालून बसलेली बघून ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"माझीच चूक," ती म्हणाली. "मीच तुका कधी मापाचा काय घेऊन दिलंय नाय."

ते खरं होतं. आमच्या घरात बोटभर वाढ धरल्याशिवाय काही येत नसे. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आई माझ्या अंगठ्याच्या पुढे स्वतःचं बोट दाबून बघायची आणि ते आत पूर्ण बुडलं तरच दुकानदाराला हो म्हणायची. पुढच्या पोकळीत कापूस कोंबायचा. वर्षाच्या शेवटी कापूस काढायचा. गणवेश गुडघ्याखाली, बाह्या कोपराखाली. ती शिवायची ते शाळेचे रेनकोटही तसेच, पाठीला दप्तरापुरती चूण आणि बाकी सगळ्या अंगाला पुढच्या दोन पावसाळ्यांची वाढ. त्यामुळे पाऊल बुटात सैल असणं मला कधी खटकलंच नाही. पहिल्यांदा भाड्याचा बूट घातला तेव्हा पुढे जागा आहे हे बघून मला बरंच वाटलं असणार. त्रेचाळिसाव्या वर्षी मी अजून वाढत्या पायाचे बूट घालत होते, आणि पाय अठराव्या वर्षीच थांबला होता.

मला आईचा राग यायला हवा होता का? नाही आला. उलट स्वतःचाच आला, सकाळच्या तोंडाळपणाचा. मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर अंधेरीला."

पुढच्या शनिवारी आम्ही घाटकोपरहून मेट्रोने गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. दुकानदारांनी तिला खुर्ची दिली, मला स्टूल. मी सरळ सांगून टाकलं, "तुम्ही पाय मोजू म्हणालात तेव्हा मी ऐकलं नाही. मोजा." ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची आभारी आहे. लोखंडी पट्टीवर पाय ठेवला. साडेबावीस. चवडा रुंद. त्यांनी मागच्या रॅकवरून रुंद पायांसाठीचा एक जोड काढला, साडेबावीसचा. तो तिथे पहिल्या दिवसापासून होता.

पाय घातला आणि मी कळवळले. "लहान होतोय."

"उभ्या राहा. आता गुडघे वाकवा," दुकानदार म्हणाले.

गुडघे वाकवले तशी बोटं मागे सरकली आणि टाच खड्ड्यात जाऊन बसली. तरी अंगठा पुढच्या भिंतीला लागत होता. आयुष्यात कुठल्याही बुटाची पुढची भिंत माझ्या अंगठ्याला लागली नव्हती. मला कसंसंच झालं. मी म्हणाले, "अर्धा नंबर वरचा बघू या का? नाहीतर नंतर..."

"नंतर काय?" आई खुर्चीतून म्हणाली. "वाढ धरू नको. वाढूचा ता वाढान झाला."

दुकानदारांनी माझा काळा बोर्ड गालिच्यावर टाकला, बाइंडिंगच्या पट्ट्या आवळून दिल्या. मी चवड्यांवर भार दिला. बोर्डाची मागची कड त्याच क्षणी उचलली गेली. मध्ये काही नव्हतंच. मी पुन्हा केलं. टाच, चवडा, टाच, चवडा, अंधेरीच्या त्या गाळ्यात, शेजारी पुठ्ठे कापायचं यंत्र धडधडत असताना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते घामाबरोबर पुसून टाकलं.

तोवर आई उठून जॅकेटांच्या दांडीशी गेली होती. मी तिथलं एक निळं जॅकेट मनात धरलं होतं. तिने ते उलटं केलं, आतल्या शिवणींवर चिकटवलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत गेली आणि काखेशी थांबली. "हय पट्टी सुटली. सुईच्या भोकातसून पाणी भितूर येतला." दुकानदारांनी बघितलं, खरंच नखाएवढी पट्टी उचलली गेली होती. मग तिने आणखी चार जॅकेटं उलटी केली आणि एक राखाडी माझ्या हातात दिलं. "आजी, तुम्ही या लाइनीत होता का?" त्यांनी विचारलं. "बावीस वर्सां," आई म्हणाली, आणि मी सोळा हिवाळे म्हणताना जशी मान वर केली असेल तशीच तिने केली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच पुन्हा एकदा म्हणाले, "बावीस वर्षं हो. रेनकोट."

पुढचे दोन महिने मी घरात ते बूट घालून वावरले. नवा बूट पायाला बसायला वेळ लागतो आणि तो गुलमर्गला जाऊन घालवायचा नसतो. संध्याकाळी ऑफिसातून आले की तासभर. बूट घालून भाजी चिरायची, बूट घालून इस्त्री, बूट घालून कचऱ्याची पिशवी खाली द्यायची. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, "पाय मोडला का ताई?" समोरच्या काकू म्हणाल्या, चंद्रावर निघालीस की काय गं. नाहूरच्या जानेवारीत लोकरी मोजा घालून पोळ्या लाटल्या आहेत मी. मोजा मात्र एकच. पहिला आठवडा अंगठे ठणकले, तिसऱ्या आठवड्यात थांबले, आणि महिन्याने मला माझ्या साध्या चपला सैल वाटायला लागल्या.

फेब्रुवारीत परीक्षेच्या सकाळी गुलमर्गचा उतार रात्रीच्या थंडीने कडक झाला होता. तोच परीक्षक, तोच उतार. वर उभी राहून मी पट्ट्या आवळल्या, सोडल्या आणि पुन्हा आवळल्या. आता दोष ढकलायला काही उरलं नव्हतं. बोर्ड नवा, बूट मापाचे. उशीर झालाच तर तो माझाच, आणि मग हे सगळं सोडायचं.

निघाले. पहिला टर्न टाचेचा, तो नेहमी चांगलाच असतो. मग चवड्यांवर आले. कड लागली. मी वाट बघायला तयार होते आणि वाट बघावीच लागली नाही, त्यामुळे मी क्षणभर गडबडलेच, कारण इतकी वर्षं मी तो उशीर धरूनच टर्न मोजत आले होते. तिसऱ्या वळणापर्यंत मला माझा वेग नव्याने शिकावा लागला. चौथ्यापासून मात्र मी जे केलं ते मी कधीच केलं नव्हतं. मांड्यांचा जोर नाही, खांद्याचा झोल नाही. मनात आलं आणि बोर्ड वळला. खाली पोचले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. "पास हो, दीदी," तो म्हणाला. मग माझ्या बोर्डाकडे बघून म्हणाला, "नया बोर्ड अच्छा है।"

"बोर्ड नहीं," मी म्हणाले. "जूते। पहले वाले दो नंबर बड़े थे।"

"कब से?"

"सोलह साल।"

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि दोन्ही भुवया उंचावल्या. मी तिथल्या तिथे बर्फात बसून आईला फोन लावला.

"पास झाले," मी म्हणाले.

"पाय दुखतत?"

"दुखतायत. पण आई, सोळा वर्षं वाया गेली गं. आधी मोजला असता पाय तर..."

"वाया कसली?" ती एकदम फणकारली. "मापाच्या बुटांनी कोण पण उतारतला. आज तेंनी सर्टिफिकेट दिल्यानी, बरा झाला. पण त्या ढगळ बुटांनी सोळा वर्सां उतारलंस, तेचा सर्टिफिकेट कोण देतलो?"

हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

"तू दे," मी म्हणाले.

"दिलंय," आई म्हणाली.

मी फोन कानाशी धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत भोकाड पसरून रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.